पाण्यात टिकणारं ऑइल: रबाळ्याच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

सकाळी शेजारच्या गाळ्यातले मोल्डिंगवाले शेठ आले आणि मशीनच्या हायड्रॉलिक व्हेन पंपाची रिंग, जिच्यावर आतून पंपाची पाती सरकतात, ती टेबलावर ठेवून म्हणाले, "हात लावून बघा." आतून बोट फिरवलं तर बारीक लहरी लागल्या. नख ओढलं की टर्रर्र आवाज येतो. नवी रिंग आरशासारखी असते. हिला बसवून अजून वर्षही झालेलं नाही.

रिंगेबरोबर त्यांनी टाकीतलं ऑइलही बाटलीत आणलं होतं. वर ताकासारखं पांढुरकं, तळाशी राखाडी गाळ. ऑइल कूलरची एक नळी गळत होती आणि ते कित्येक आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. हायड्रॉलिक ऑइल आमच्याच केटलमधलं (मिसळायच्या भांड्यातलं), ६८ ग्रेड, म्हणजे घट्टपणाचा दर्जा, झिंकवालं.

झिंक म्हणजे झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट. १९४०च्या दशकापासून जगभर हेच वापरतात. दाब आणि उष्णता वाढली की ते तुटतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवतं. मग धातू धातूवर न घासता थर थरावर घासतो. पण गरम ऑइलमध्ये पाणी शिरलं की तेच झिंक पाण्याने फुटतं. त्यातून आम्ल तयार होतं, गाळ धरतो आणि थर बांधायला काही उरत नाही. बाटलीच्या तळाशी तेच दिसत होतं.

डोस वाढवून हे सुटणार नाही यावर सरांचं आणि माझं एकमत झालं. सर म्हणाले, "तुम्ही वर्षभर आयनिक लिक्विडचं वाचताय. करून बघा आता." म्हणून ही वही.

६ मार्च

ठाण्याहून रबाळ्याला येताना लोकलमध्ये टिपणं काढली. इथे नीट लिहून ठेवते.

आयनिक लिक्विड म्हणजे द्रव अवस्थेतलं मीठ. खायचं मीठ वितळवायला ८०० अंश लागतात, कारण त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, लहान, गोल आणि एकमेकांत घट्ट बसणारे असतात. आयन मोठे, वेडेवाकडे, लांब शेपट्यांचे असले की त्यांची नीट रचना होत नाही आणि मीठ खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतं. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथिलअमोनियम नायट्रेटची नोंद केली, ते १२ अंशांना वितळतं. वंगण म्हणून मात्र याकडे लक्ष गेलं ते २००१ मध्ये, चीनमधल्या लांचौच्या संशोधकांच्या निबंधामुळे.

सुरुवातीचे बहुतेक द्रव इमिडाझोलियम या धन आयनाचे, जोडीला टेट्राफ्लुओरोबोरेट हा ऋण आयन. ते एकटे वापरले तर वंगण छान करतात. पण खनिज तेलात विरघळत नाहीत, आणि दमटपणात त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटतं. खाडीकाठी वापरायच्या ऑइलमध्ये हे चालणार नाही.

मार्ग दाखवला तो अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने, २०१२ मध्ये. त्यांनी ट्रायहेक्झिल-टेट्राडेसिल-फॉस्फोनियम हा धन आयन आणि बिस-२-इथिलहेक्झिल फॉस्फेट हा ऋण आयन जोडला. दोघांनाही चहूबाजूंनी तेलासारख्या साखळ्या, त्यामुळे विजेचा भार आत झाकला जातो आणि मीठ तेलात मिसळतं. फ्लुओरीन नाही, धातू नाही. मी हेच करणार.

१४ मार्च

तरी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून कपाटातलं जुनं इमिडाझोलियम टेट्राफ्लुओरोबोरेट बेस ऑइलमध्ये (काही न मिसळलेल्या तेलात) १ टक्का घालून तासभर ढवळलं. दूध झालं. जेवून येईपर्यंत बीकरच्या तळाशी स्वच्छ, जड थेंब बसला होता. विषय संपला.

२ एप्रिल

फॉस्फोनियम क्लोराइड, म्हणजे आपल्या धन आयनाचं क्लोराइड, आलं. बाटली छोटी आणि महाग. दुसरा घटक म्हणजे डाय-२-इथिलहेक्झिल फॉस्फोरिक आम्ल, ते धातू वेगळे काढणाऱ्या उद्योगात ड्रमने वापरतात, सहज मिळालं.

०.०५ मोलचा घाट, म्हणजे एका वेळचा माल, घातला; मोल हे रेणू मोजायचं माप. क्लोराइड २५.९६ ग्रॅम, आम्ल १६.१२ ग्रॅम, कॉस्टिक २ ग्रॅम, पाणी. आम्लाचं सोडियम मीठ होतं, ते क्लोराइडशी अदलाबदल करतं, मिठाचं पाणी खाली जातं आणि आपला द्रव वर तरंगतो. हिशोबाने ४०.२७ ग्रॅम यायला हवा. रात्रभर ढवळत ठेवला.

३ एप्रिल

धुण्यात दिवस गेला. सेपरेटिंग फनेल हलवलं की सगळं साबणासारखं फेसाळतं आणि थर सुटत नाहीत. थोडं हेक्झेन घातलं, पाणी कोमट घेतलं, मग सुटले. मोठ्या शेपटीचा धन आयन म्हणजे मुळात साबणाचाच भाऊ, हे पुढे लक्षात ठेवायला हवं.

पाचव्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, पाणी स्वच्छ राहिलं. म्हणजे क्लोराइड गेलं असं धरलं. हेक्झेन उडवलं, ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवलं. पातळ मधासारखा, फिकट पिवळा द्रव. ३८ ग्रॅम.

झिंक नसलेल्या ६८ मध्ये १ टक्का घातला. टॉर्च धरून बाटली फिरवली, एक धूसर रेघही नाही.

१० एप्रिल

वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये फोर बॉलवर दिवसभर.

यंत्र साधं आहे. अर्ध्या इंचाच्या, १२.७ मिलिमीटरच्या तीन पोलादी गोळ्या कपात घट्ट बसवायच्या, त्यावर ऑइल, वरून चौथी गोळी ४० किलो दाबाने १२०० आरपीएमवर तासभर फिरवायची, ऑइल ७५ अंशांवर. नंतर खालच्या तिन्ही गोळ्यांवर पडलेले घासल्याचे गोल डाग मायक्रोस्कोपखाली मोजायचे, प्रत्येकी दोन बाजूंनी, आणि सहा आकड्यांची सरासरी काढायची.

नुसतं ऑइल: ०.७४ मिमी
झिंकवालं: ०.४३
आयनिक लिक्विड १ टक्का: ०.४१

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. ४० किलोच्या दाबाने दोन गोळ्या नुसत्या एकमेकींवर टेकल्या तरी लवचीकपणामुळे सुमारे ०.३० मिमीचा गोल टेकतोच. म्हणजे खरी झीज त्याच्या वरची. ०.७४ आणि ०.४१ यांतला फरक कागदावर दिसतो त्याहून कितीतरी मोठा आहे.

डागाकडेच बराच वेळ बघत बसले. नुसत्या ऑइलची गोळी टाकी लावलेल्या पाट्यासारखी, खोल समांतर चरे, कडेला उपसलेला धातू, कपात काळा चुरा. आयनिक लिक्विडच्या गोळीवर चरे उथळ, आणि त्यावर निळसर-तपकिरी थर, बिडाच्या तव्यावर चढतो तसा. हेक्झेनच्या बोळ्याने पुसला, गेला नाही.

तव्याशी साम्य इतकंच. तव्यावर तेल जळून चिकटतं, इथे लोखंडच खर्ची पडतं. झिंकच्या रेणूत थराला लागणारा धातू आधीच असतो. आपल्या द्रवात धातू नाही, तेव्हा फॉस्फेटला लोखंड मिळतं ते घासणाऱ्या पृष्ठभागातून आणि त्यातून निघालेल्या बारीक चुऱ्यातून. लोखंडाचं फॉस्फेट आणि ऑक्साइड मिळून तो थर बनतो. म्हणजे सुरुवातीला थोडं झिजल्याशिवाय हा थर बसत नाही, आणि जो चुरा एरवी पृष्ठभाग कापत फिरला असता तोच थरात मुरतो. मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

परतताना सरांना फोन केला. आज पोटभर आनंद झाला.

२१ एप्रिल

फॉस्फरसचा हिशोब. रेणूत दोन फॉस्फरस, रेणुभार ८०५, म्हणजे ७.७ टक्के. १ टक्का डोसने ऑइलमध्ये ७७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७७०. पेट्रोल गाडीच्या इंजिन ऑइलला ८०० पीपीएमची वरची मर्यादा असते, कारण फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिस्टला मारतो. हायड्रॉलिकला ती अडचण नाही. तरी कमी डोसवर काम झालं तर उत्तम, पैशासाठीही.

९ जून

पाऊस. लॅबच्या खिडकीत ठेवलेली जिन्नसंसुद्धा घाम फुटल्यासारखी.

गंज चाचणी लावली. ३०० मिली ऑइल, ३० मिली डिस्टिल्ड पाणी, ६० अंश, घासून चकचकीत केलेली पोलादी दांडी त्यात उभी, चार तास ढवळणं. झिंकवालं ऑइल पास. आयनिक लिक्विड नसलेलं ऑइलही पास, कारण गंजरोधक सगळ्यांत सारखंच आहे. आमच्या नमुन्याच्या दांडीवर मात्र टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके. अकरा मोजले.

फिटर काकांनी दांडी उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, हा पाण्याचा गंज नाही. पाण्याचा गंज पसरतो. हा खाऱ्या हवेचा, भोकं पाडतो." काकांचं बालपण उरणला, किनाऱ्यावर गेलं आहे.

क्लोराइड. पण धुण्याचं पाणी तर स्वच्छ होतं.

१० जून

काल झोप नव्हती, आज उलगडा झाला. चूक मी केलेली आहे आणि ती सविस्तर लिहिते, कारण हे काम हाती घेणाऱ्या पुढच्या माणसाला तिचा उपयोग होईल.

पहिलं. धुण्याच्या पाण्यात क्लोराइड नसणं म्हणजे द्रवात क्लोराइड नसणं नव्हे. धुण्याने फक्त सुटं मीठ जातं. अदलाबदल न झालेलं फॉस्फोनियम क्लोराइड स्वतःच तेलकट आहे, पाण्यात उतरतच नाही. शंभर वेळा धुतलं असतं तरी ते तिथेच राहिलं असतं आणि सिल्व्हर नायट्रेट दर वेळी सगळं ठीक म्हणालं असतं.

दुसरं. अदलाबदल अपुरी का राहिली? द्रवाचा आम्लांक, म्हणजे त्यात किती आम्ल सुटं आहे त्याचं माप, काढला: ९. शुद्ध असता तर शून्याच्या जवळ हवा होता. निव्वळ आम्लाचा आम्लांक १७४ असतो, म्हणजे हिशोबाच्या ४० ग्रॅममध्ये सुमारे २.१ ग्रॅम आम्ल तसंच पडून आहे. तेवढ्याला पुरणारं कॉस्टिक मिळालंच नाही. कॉस्टिकची बरणी उघडून बघितली. कण एकमेकांना चिकटलेले, ओलसर, वर पांढरी पूड. आपल्या हवेत ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढत राहतं. मी २ ग्रॅम मोजलं त्यात खरं कॉस्टिक १.७५ ग्रॅमच्या आसपास होतं. जितकं आम्ल उरलं तितकंच, मोलला मोल, क्लोराइड उरलं: ०.२३ ग्रॅम. १ टक्का डोसने ऑइलमध्ये ५७ पीपीएम. पोलादावरचा रक्षक थर भेदायला तेवढं पुरलं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. एप्रिलचा तो ०.४१. उरलेलं आम्ल आणि क्लोराइड दोन्ही लोखंडाशी झटकन प्रतिक्रिया करतात, दोन्ही थर बांधायला मदत करतात. म्हणजे फोर बॉलवर माझा आकडा चांगला आला त्यात अशुद्धीचाही हात असणार. तासाभराच्या चाचणीत जे झीज कमी करतं तेच महिनाभरात मशीन खातं. फोर बॉलचा आकडा यापुढे कधीही एकटा वाचायचा नाही. शेजारी आम्लांक, क्लोराइड आणि गंज यांचे रकाने भरलेले असले तरच तो या वहीत येईल.

१६ जून

दुसरा घाट. कॉस्टिकचं द्रावण करून आधी टायट्रेशनने त्याची खरी ताकद काढली आणि किंचित जास्त घेतलं. एक अदलाबदल झाल्यावर आम्लाच्या ताज्या सोडियम मिठाबरोबर पुन्हा एकदा. मग धुणं, सुकवणं. क्लोराइड या वेळी खुद्द द्रवात तपासलं: अल्कोहोलमध्ये विरघळवून नायट्रिक आम्लाने आंबट केलं, म्हणजे फॉस्फेटचा गोंधळ होत नाही, आणि सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट केलं. मोजण्यासारखं काही सापडलं नाही. आम्लांक ०.३.

धुण्याच्या पाण्याबद्दल. एप्रिलपासूनचं सगळं पाणी मी कार्बॉयमध्ये (मोठ्या कॅनमध्ये) साठवलं आहे आणि ते तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडेच जाणार. मदतनीस मुलाने सहज विचारलं, "मॅडम, साबणाचंच पाणी ना, बेसिनमध्ये ओतू?" त्याला समजावून सांगितलं. लांब साखळ्यांची फॉस्फोनियम मिठं पाण्यातल्या जिवांच्या पेशींचं आवरण फाडतात, थोड्या मात्रेतही. इथलं पाणी कुठे जातं हे ऐरोलीच्या पुलावरून दिसतं. ती ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगो जे शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, विष तिथूनच वर चढतं. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने कार्बॉयवर मोठ्या अक्षरांत "ओतू नये" लिहून ठेवलं.

आणि मला हेही कळतंय की टाकी गळणाऱ्या मशीनमध्ये हे ऑइल घालणं तितकंच चुकीचं ठरेल. आखूड साखळ्यांचे कमी विषारी द्रव करण्याचं काम जगात चालू आहे. आखूड साखळी तेलात मुरवणं अवघड, पण पुढचा घाट त्या दिशेने घालायचा.

२४ जून

पुन्हा वागळे इस्टेट. १ टक्का: ०.४६. अर्धा टक्का: ०.४९. पाव टक्का: ०.६६. गंज चाचणी तिन्ही पास, दांड्या कोऱ्या.

एप्रिलपेक्षा डाग मोठा. तरी हा आकडा मला जास्त प्रिय आहे.

१ जुलै

आता मूळ प्रश्न, शेठच्या बाटलीतला. पाण्यापुढे टिकतं का?

यासाठी एक जुनी, ठरलेली चाचणी आहे, ती चक्क थंड पेयाच्या जाड काचेच्या बाटलीत करतात, कारण ती दाब सोसते. ७५ ग्रॅम ऑइल, २५ ग्रॅम पाणी, तांब्याची पट्टी, झाकण ठोकायचं आणि ९३ अंशांच्या भट्टीत ४८ तास उलटीसुलटी फिरवत ठेवायचं. दोन बाटल्या लावल्या: एक झिंक, एक आयनिक लिक्विड अर्धा टक्का.

३ जुलै

झिंकच्या बाटलीत पट्टी काळपट, पाणी आंबट, मध्ये राखाडी चिंध्या. मार्चमध्ये शेठनी आणलेली बाटली आठवली.

आमच्या बाटलीत पट्टी जवळपास तशीच, किंचित केशरी झाक. पाण्याचा सामू जेमतेम हलला. गाळ नाही.

पण ऑइल आणि पाणी वेगळं व्हायला संध्याकाळ उजाडली. साबणाचा भाऊ.

८ जुलै

डिमल्सिबिलिटी, म्हणजे ऑइल आणि पाणी किती लवकर वेगळं होतं ते. ४० मिली ऑइल, ४० मिली पाणी, ५४ अंश, पाच मिनिटं ढवळायचं आणि घड्याळ लावायचं. आपल्याला ३० मिनिटांच्या आत सुटायला हवं, नाहीतर टाकीच्या तळाच्या कॉकमधून पाणी काढताच येणार नाही.

१ टक्का: तासाभरानेही मध्ये जाड साय. बाद.
अर्धा टक्का: ३७ मिनिटं.
अर्धा टक्का आणि अगदी थोडा डिमल्सिफायर: २१ मिनिटं.

डिमल्सिफायर घातल्यावर फोर बॉल, गंज आणि तांब्याची पट्टी पुन्हा लावली. एका अॅडिटिव्हने दुसऱ्याची जागा बळकावली असं पृष्ठभागावर नेहमी होतं, त्यामुळे जुने आकडे पुढे ओढता येत नाहीत. डाग ०.५०, बाकी सगळं जागच्या जागी.

१५ जुलै

शेठशी बोलणं झालं. त्यांना सगळं सांगितलं: एप्रिलची चूक, गंजलेली दांडी, विषारीपणा, आणि फोर बॉलमध्ये गोळ्या एका बिंदूवर घासतात तर व्हेन पंपात पातं रिंगेवर सरकतं, त्यामुळे लॅबमधला आकडा पंपाला तसाच लागू होत नाही हेही. ते म्हणाले, "छोटी मशीन घ्या. टाकी ६० लिटर. कूलर नवा बसवलाय, खाली ट्रे आहे, काही गळलं तर ट्रेमध्येच." यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

६० लिटर म्हणजे ५२ किलो, अर्ध्या टक्क्याने २६० ग्रॅम द्रव. ०.३५ मोलचा घाट लागेल.

२२ जुलै

तिसरा घाट झाला, २७१ ग्रॅम. आम्लांक ०.२, क्लोराइड सापडलं नाही. केटलमध्ये ६० अंशांवर मिसळलं.

२५ जुलै

ऑइल भरलं. आधी टाकी दोनदा फ्लश केली, जुनं झिंक राहिलं तर निकालाला अर्थ नाही. फिटर काकांनी नवी रिंग बसवण्यापूर्वी तिचा आतला व्यास सहा ठिकाणी मोजून दिला आणि मी सहाही जागांचे फोटो काढले. पंप चालू झाल्यावर काका पाच मिनिटं त्यावर हात ठेवून उभे होते. आवाज सारखा आहे, म्हणाले.

३१ जुलै

पहिला नमुना, १०० तासांचा. ऑइल स्वच्छ, पाणी नाही. ऑइलमध्ये लोखंड नव्या पंपाला सुरुवातीला येतं तेवढं आलंय. तो पहिल्या झिजेचा चुरा आहे, की पुढेही वाढत जाणार, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यावरून कळेल. दर १०० तासांनी बाटली भरायची, तारीख आणि तास लेबलवर.

गणपतीत शेठचं मशीन पाच दिवस बंद असतं. तेव्हा पंप उघडायचा. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, रिंगेच्या आत पहिलं बोट ते फिरवणार.